समजूत खोली

शैलजाच्या पुड्यांबद्दल मी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. हॉस्पिटलच्या प्रवेश-अर्जात तसा रकाना होता: 'सध्या चालू असलेली इतर औषधं.' मी अर्जाच्या संगणकाच्या पडद्यावर बोट टेकवलं, तेवढ्यात स्ट्रेचरवरून शैलजानं माझी बाही ओढली.

"पुड्यांचं लिहू नका हं."

"का?"

"डॉक्टर रागावतात. मागे त्या दातांच्या डॉक्टरनं किती सुनावलं, विसरलात? म्हणे, एवढी शिकलेली माणसं आणि बाजारातली पूड खाता. चारचौघांत लाज काढली."

मी 'नाही' लिहिलं. न्हाणीघरात पडून खुब्याचं हाड मोडलेल्या बायकोशी वाद कोण घालणार, असं मी स्वतःला सांगितलं. पण ते अर्धंच खरं. वयाच्या बाहत्तराव्या वर्षीही मला कुणी रागावलं की पोटात गोळा येतो. तो 'नाही' मी माझ्यासाठीही लिहिला होता.

पुड्यांची गोष्ट साधी. तीन वर्षांपूर्वी शैलजाचे गुडघे इतके धरले की तिला जिना चढवेना. तिच्या भावानं, प्रतापरावांनी, कवठ्याच्या आठवडी बाजारातून पुड्या आणून दिल्या. जीपमध्ये बसून एक माणूस त्या विकायचा. फिकट तपकिरी पूड, वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेली. सकाळी एक, संध्याकाळी एक. आठवड्यात शैलजा गच्चीवर जाऊन पापड वाळत घालू लागली. जे चालतं आहे ते कशानं चालतं हे विचारायचं धैर्य मला झालं नाही.

मिरजेत हॉस्पिटलांना तोटा नाही. आम्ही गेलो तिथे बुधवारी तिचा खुबा बदलला. ऑपरेशन चांगलं झालं असं मला समजूत खोलीत सांगण्यात आलं.

समजूत खोली हे लोकांनी पाडलेलं नाव. आत पाणी प्यायला कागदी पेला, दोन खुर्च्या आणि भिंतीत एक पडदा. खुर्च्या जमिनीला बोल्टनं जखडलेल्या, उचलून मारता येऊ नयेत म्हणून. पडद्यावर डॉक्टर दिसतात. ते दुसऱ्या मजल्यावर अशाच एका खोलीत बसून बोलतात. मधे मध्यस्थ असतो.

मध्यस्थ म्हणजे यंत्र. ज्या वर्षांत हॉस्पिटलांतल्या मारामाऱ्या फारच वाढल्या, त्या वर्षांत काही लोकांनी तीन हजार भांडणांची ध्वनिमुद्रणं एका संगणकाला ऐकवली. त्याला एक गोष्ट आढळली. हात उचलला जाण्याच्या साधारण चाळीस सेकंद आधी कुणीतरी एक वाक्य बोललेलं असतं. कधी डॉक्टर म्हणतात, 'इतके दिवस काय झोपला होता?' कधी नातेवाईक म्हणतो, 'तुमची आई असती तर असंच ठेवलं असतं का?' ते एक वाक्य काढून टाकलं तर पुढचं काहीच घडत नाही.

मग ते वाक्य वाटेतच अडवायचं ठरलं. दोन्ही खोल्यांच्या मधे दीड सेकंदाचं अंतर ठेवलेलं आहे. तेवढ्या वेळात यंत्र बोलणं ऐकतं, त्यातली धग मोजतं आणि ती मर्यादेबाहेर गेली तर नवं वाक्य घडवतं. बोलणाऱ्याच्याच आवाजात. पडद्यावरचे ओठही त्या नव्या वाक्याप्रमाणे हलवतं. आवाज तोच, चेहरा तोच, वाक्य मात्र निवळलेलं. शिव्या गाळल्या जातात हे सगळ्यांना ठाऊक होतं. आणखी काय गाळलं जातं हे कुणी विचारलं नाही.

मी तरी विचारायला हवं होतं, कारण यंत्राला निवळलेले शब्द पुरवणाऱ्यांपैकी मी एक होतो.

माझी सगळी नोकरी शब्दकोशाच्या कार्यालयात झाली. निवृत्तीनंतर यंत्र बनवणाऱ्या कंपनीनं मला शब्दजोड्या करायला सांगितल्या. डावीकडे तापलेला शब्द, उजवीकडे त्याचा गार पर्याय. आठ महिन्यांत मी चार हजार एकशे बारा जोड्या केल्या. काम अवघड गेलं नाही. आपल्याकडे वाईट थेट न बोलण्याची सवय मुरलेली आहे. घरातून निघताना कुणी 'जातो' म्हणत नाही. मला वाटायचं, जन्मभर कुणाच्या भांडणात पडलो नाही, निदान भांडणं थांबवायच्या कामी तरी आलो. त्या हॉस्पिटलात सहा वर्षांत एकाही डॉक्टरवर हात पडला नव्हता. दारातल्या फलकावर तसं लिहिलेलं असे, आणि तो फलक वाचून मला मनातून बरं वाटे.

शुक्रवारी शैलजाला उलट्या सुरू झाल्या.

नातेवाइकांना दिवसातून दोनदा, दहा-दहा मिनिटं आत सोडत. तेवढ्या वेळात डॉक्टर वॉर्डात नसत. मी गेलो तेव्हा तिचा हात ओल्या फडक्यासारखा गार लागला. तिनं डोळे अर्धे उघडले.

"अहो, पडदा ओढा. ऊन लागतंय."

त्या खोलीला खिडकीच नव्हती.

मी समजूत खोलीत जाऊन बसलो. पडद्यावर डॉक्टर समीना मुजावर आल्या. पस्तिशीच्या, बारीक काड्यांचा चष्मा, थकलेला पण हसरा चेहरा.

"नांद्रेकर काका, ताईंची प्रकृती अपेक्षेप्रमाणे आहे. थोडा थकवा आहे. आम्ही बारीक लक्ष ठेवून आहोत."

"डॉक्टर, ती भलतंच काहीतरी बोलतेय. ती शुद्धीत नाही. मला भीती वाटतेय, तिचं काहीतरी बिनसलंय."

दीड सेकंद गेला. त्यांनी मान डोलावली.

"तुम्ही दाखवलेल्या विश्वासाबद्दल आभारी आहे, काका."

आणि मला बरं वाटलं. हे लिहिताना शरम वाटते, पण वाटलं खरं. त्या एवढ्या शांत आहेत, म्हणजे घाबरण्यासारखं काही नसणार.

शनिवारी सकाळी प्रतापराव आले. एके काळी तालमीत घुमलेला गडी, आता सत्तरीचा, पण आवाज तसाच. बहिणीला पाहून बाहेर आले ते लाल होऊन.

"दाजी, तुमी गप बसा. आता मी बोलतो."

मी त्यांच्यामागून समजूत खोलीत गेलो. प्रतापराव पडद्याला नाक लावून उभे राहिले.

"ए बाई! माझी भन बर्फागत गार पडलीय आन तुमी हितं एसीत बसून हसालायसा? तिला काय झालं तर एकेकाचं तंगडं मोडून हातात दीन, सांगून ठेवतो!"

दीड सेकंद.

"तुमच्या शुभेच्छा ताईंपर्यंत नक्की पोचवीन," डॉक्टर मुजावर म्हणाल्या. "तुम्हीही वेळेवर जेवून घ्या. तब्येत सांभाळा."

प्रतापराव थबकले. माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "ही जेवायचं काय काढती?" मग जखडलेल्या खुर्चीत बसले. "बाई तशी बरी हाय की, दाजी. मीच जरा जास्त बोललो."

दुसऱ्या कुठल्याही दिवशी मला हसू आलं असतं. त्या दिवशी अंगावर काटा आला. तंगडं मोडण्याच्या धमकीच्या शुभेच्छा झाल्या होत्या. मग काल मी जे बोललो, त्याचं पलीकडे काय झालं असेल?

बाहेर व्हरांड्यात वॉर्डातल्या तानूमावशी मळक्या चादरींचा ढीग गाडीवर रचत होत्या. गेले दोन दिवस त्या माझ्याशी दोन शब्द बोलत. आज माझा चेहरा पाहून थांबल्या.

"काका, एक इचारू का? रागावू नका. काकू काय गुडघ्याची पुडी-बिडी खात हुत्या?"

मी होकारार्थी मान हलवली.

"माझ्या सासूचं असंच झालतं. बाजारातल्या पुड्या खायची. त्वांड असं गोल गरगरीत झालतं, काकूंसारखंच. एकदा तापात पुड्या बंद केल्या आन दोन दिवसांत लोळागोळा. उलट्या, बडबड. सरकारी दवाखान्यातल्या डाक्टरनं एक सुई दिली, तवा वाचली. लई शिव्या घातल्या त्यानं आमाला."

"मावशी, हे तुम्ही डॉक्टरांना सांगाल?"

त्या गाडीआड झाल्या. "न्हाई ओ. नातेवाइकांचा निरोप न्यायला आमाला बंदी हाय. मागं एकीची नोकरी गेली. तुमी खोलीत सांगा की."

मी सिस्टरांनाही गाठलं. त्यांनी दोन्ही हात छातीशी धरले, मी त्यांच्यावर काही फेकणार आहे असे. "सर, कृपया समजूत खोलीत सांगा. आम्हाला ऐकून घ्यायची परवानगी नाही."

मी परत खोलीत गेलो. मी मनात वाक्य पाठ केलं होतं आणि तसंच म्हटलं, "डॉक्टर, माझी चूक झाली. मी अर्जात खोटं लिहिलं. शैलजा तीन वर्षं रोज बाजारातल्या पुड्या खात होती. पडली त्या दिवसापासून त्या बंद झाल्यात."

दीड सेकंद. त्या मोकळं हसल्या.

"हो ना. घरगुती उपायांनी काही जणांना बरं वाटतं. त्यात चूक काही नाही, काका."

घरगुती उपाय.

ही जोडी माझी होती. डावीकडे पुडी, झाडपाला, अंगारा, गंडा, काढा. उजवीकडे घरगुती उपाय. शेऱ्याच्या जागी मी कारणही लिहिलं होतं: 'असे शब्द ऐकून डॉक्टर चिडतात, नातेवाईक ओशाळतात आणि ओशाळलेला माणूस पुढे भडकतो.' हे कारण शोधल्याचा मला त्या दिवशी अभिमान वाटला होता.

"घरगुती नाही! पुड्या! पु-ड्या! बाजारातल्या!" मी ओरडलो. आयुष्यात इतक्या मोठ्यानं बहुधा पहिल्यांदाच.

"तुमचं शैलजाताईंवरचं प्रेम दिसतं," पडद्यावरच्या डॉक्टर म्हणाल्या.

मी कागदावर लिहून पडद्यासमोर धरलं. त्यांनी वाचल्यासारखं केलं आणि सुवाच्य अक्षराचं कौतुक केलं. तेव्हा मला कळलं की त्यांना माझा कागदही दिसत नाही. मध्यस्थानं लिहिलेला दिसतो.

मी प्रतापरावांना घरी पाठवलं. हळदीच्या डब्यामागे पुड्या होत्या, त्या घेऊन ते तासाभरात आले.

"चला. दार फोडतो मी."

"नको. तुम्हाला पाहिलं की त्या पळून जातील."

"आन तुमाला बघून?"

"मला कोण भितं, प्रतापराव?"

दुपारी दोनला धुण्याची गाडी आत जाते. त्या वेळी मागचं दार उघडं असतं, हे मी रोज बसल्या बसल्या पाहिलं होतं. तानूमावशींनी मला येताना पाहिलं आणि पाठ फिरवली. ती फिरवलेली पाठ मी उपकार म्हणूनच मोजतो.

दारापलीकडे डॉक्टरांची आतली वाट होती. नातेवाइकांशी गाठ पडू नये म्हणून बांधलेली, लांबच लांब, दोन्ही बाजूंना भिंती. त्या वाटेवर एका बाकावर डॉक्टर मुजावर मांडीवर डबा घेऊन एकट्याच जेवत होत्या. प्रत्यक्षात त्या पडद्यावरच्यापेक्षा लहान दिसत होत्या. चेहरा हसरा नव्हताच.

त्यांनी मला पाहिलं. डबा खाली पडला, भात फरशीवर सांडला. त्या भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या आणि गळ्यातलं धोक्याचं बटण दाबलं.

"मागे व्हा! हातात काय आहे? हात उघडा!"

माझी मूठ वळलेली होती. पुडी पडू नये म्हणून मी ती घट्ट धरली होती. उघडायला गेलो तर बोटं ऐकेनात. मला त्यांच्या डोळ्यांत दिसलं की त्या कुणाला पाहताहेत. वळलेली मूठ, थरथरता जबडा आणि घामानं डबडबलेला एक पुरुष त्यांच्यासमोर उभा होता.

मी खाली बसलो. त्या सांडलेल्या भाताशेजारी, फरशीवर. म्हणजे माझं डोकं त्यांच्या कमरेच्याही खाली आलं. पुडी फरशीवरून त्यांच्याकडे सरकवली.

"पुडी," मी म्हणालो. "शैलजाची. खाट क्रमांक अकरा."

त्या हलल्या नाहीत. दूर कुठेतरी बूट धावत येत होते.

"कसली पुडी?"

"गुडघ्याची. बाजारातली."

त्या वाकल्या, कागद उलगडला, वास घेतला. आणि त्यांचा चेहरा पालटला. भीती तशीच होती, पण आता ती माझ्याबद्दल नव्हती.

"किती दिवस घेत होत्या?"

"तीन वर्षं."

"रोज?"

"सकाळ-संध्याकाळ."

"बंद कधी केल्या?"

"सोमवारी. पडली तेव्हापासून."

"आणि हे मला आज सांगताय?" त्या किंचाळल्या. "अक्कल आहे का तुम्हाला? यात स्टिरॉइड मिसळतात! बाहेरून रोज मिळायला लागलं की शरीर स्वतःचं बनवायचं सोडून देतं. तुम्ही एकदम बंद केलंत, वर एवढं मोठं ऑपरेशन! तिच्या अंगात आता काहीच नाहीये, एक थेंब नाही! मी दोन दिवस जंतुसंसर्ग समजून औषधं मारतेय!"

त्या धावल्या. मीही धावलो. वाटेत दोन रखवालदार समोर आले आणि त्यांनी माझे दंड पकडले. "सोडा त्यांना!" डॉक्टर न थांबता ओरडल्या. "मला अजून विचारायचंय!"

हायड्रोकॉर्टिसोन या स्टिरॉइडचं इंजेक्शन एवढंसं असतं. सिस्टरांनी ते शैलजाच्या शिरेत सोडलं. यंत्रावर तिचं बीपी पासष्ट दाखवत होतं. डॉक्टर मुजावर खाटेच्या त्या बाजूला, मी या बाजूला. वॉर्डात नातेवाईक आणि डॉक्टर एकाच खाटेशी उभे राहण्याची ती सहा वर्षांतली पहिली वेळ असावी.

"वाचेल ना?" मी विचारलं.

मला वाटलं, त्या म्हणतील प्रकृती अपेक्षेप्रमाणे आहे.

"माहीत नाही," त्या म्हणाल्या. "फार उशीर झालाय. संध्याकाळपर्यंत मरूही शकतील."

तो शब्द मी चाळीस वर्षं कोशात हाताळला होता. त्या दिवशी तो पहिल्यांदा मला लागला. मी, ज्यानं कधी चपराश्यावरही आवाज चढवला नाही, तो ओरडत होतो. "दोन दिवस तुम्ही काय करत होता? ती गार पडत चालली होती! मी सारखं सांगत होतो, सारखं! ती शुद्धीत नाही, तिचं काहीतरी बिनसलंय, सारखं सांगत होतो!"

"सारखं?" त्याही ओरडल्या. "सारखे तुम्ही माझे आभार मानत होता! 'मॅडम, तुमच्यावर विश्वास आहे, तिला आराम वाटतोय.' मी शुक्रवारी सांगितलं, बीपी का घसरतंय मला कळत नाहीये. त्यांनी आणखी काही घेतलंय का आठवून सांगा, काहीही. दोनदा विचारलं! तुम्ही म्हणालात, आपण जाणत्या आहात!"

"मला कुणी काही विचारलं नाही!"

"मी विचारलं होतं!"

तेव्हा मला जाणवलं की माझा उजवा हात खांद्याच्या वर गेलेला आहे. त्यांनाही दिसलं. त्यांनी मान खाली घालून दोन्ही हातांनी डोकं झाकलं. हे त्यांनी विचार करून केलं नाही. शरीरानं आपोआप केलं. केस बाजूला झाले तेव्हा कानामागे एक लांब पांढरा व्रण दिसला.

मी हात खाली घेतला. तो माझाच हात होता यावर माझा विश्वास बसेना. यंत्र ज्याच्यासाठी बनवलं तो माणूस दुसरीकडे कुठेतरी आहे असं मी आजवर समजत आलो होतो.

"सलाईनचा स्टँड," त्या खालीच बघत म्हणाल्या. "सहा वर्षांपूर्वी. याच वॉर्डात. ज्यांनी मारला, त्यांचा मुलगा गेला होता. मी त्यांना म्हणाले होते, इतके दिवस काय झोपला होता." मग म्हणाल्या, "यंत्र आलं तेव्हा मी पेढे वाटले होते, काका."

"त्यातले शब्द मी दिलेत," मी म्हणालो.

त्यांना ते कळलं नसावं. किंवा कळलं असेल. त्या बीपीच्या यंत्राकडे बघत होत्या. बीपी बहात्तर. आम्ही दोघंही तिथून हललो नाही. त्यांनी पुड्यांबद्दल आणखी विचारलं, मी सांगितलं. चेहरा कधीपासून गोल झाला, अंगावर हिरवेनिळे डाग पडायचे का, पडल्यावर हाड इतकं सहज कसं मोडलं असं मनात आलं नाही का. प्रत्येक प्रश्नाला एक ओरडा होता. मी सगळे ओरडे खाल्ले. पोटात गोळा आला नाही. बीपी ऐंशी. मग अठ्ठ्याऐंशी.

पाचच्या सुमारास शैलजानं डोळे उघडले. कपाळाला आठी घालून तिनं विचारलं, "कोण भांडतंय एवढं?"

डॉक्टर मुजावर खाटेच्या कडेला बसल्या आणि चष्मा काढून बाहीनं डोळे पुसू लागल्या.

नवव्या दिवशी आम्ही घरी आलो. माझ्या नावापुढे लाल नोंद झाली. म्हणजे यापुढे समजूत खोलीच्या पलीकडे मला पाऊल टाकता येणार नाही. डॉक्टरांना लेखी समज मिळाली, असं तानूमावशी म्हणाल्या. आणि पंधरा दिवसांनी यंत्र बनवणाऱ्या कंपनीचं पत्र आलं. त्यात लिहिलं होतं की आपल्या प्रसंगातून मध्यस्थ शिकला आहे. 'पुडी' हा शब्द यापुढे जसाच्या तसा पोचेल. तसंच धुण्याच्या गाडीच्या दाराला आता बोटाच्या ठशाचं कुलूप बसवलं आहे, त्यामुळे असा अनवस्था प्रसंग पुन्हा ओढवणार नाही.

एक शब्द दुरुस्त झाला. उरलेल्या चार हजार एकशे अकरा जोड्यांची यादी मी काढून बसलो. डावीकडचा कुठला शब्द कधी कुणाचा जीव वाचवेल हे कसं ठरवायचं? 'काळं', 'दुर्गंधी', 'उतू गेलं', 'लपवलं'. तीन रात्री वाचून मी कंपनीला सविस्तर पत्र लिहिलं. सगळ्याच जोड्या रद्द करा, असं. मग वाटलं, त्या कानामागच्या व्रणाचं काय? माझ्या वर गेलेल्या हाताचं काय? तेही लिहिलं. उत्तर दोन दिवसांत आलं: 'आपल्या आपुलकीबद्दल आम्ही ऋणी आहोत.' माझं पत्र त्यांच्यापर्यंत माझ्याच शब्दांत पोचलं की नाही, ते मला कळायला मार्ग नाही.

महिन्यानं शैलजाला तपासणीसाठी नेलं. तिची तपासणी आत झाली. मग आम्ही दोघं समजूत खोलीत बसलो. पडद्यावर डॉक्टर मुजावर आल्या. बारीक काड्यांचा चष्मा, हसरा चेहरा.

"शैलजाताई, सगळं छान आहे. रक्ताचे अहवाल उत्तम. काळजीचं काही कारण नाही."

"बघा, छान आहे म्हणाल्या," शैलजा म्हणाली आणि काठीला हात घातला.

मी उठलो नाही. मी पडद्याच्या जवळ गेलो.

"डॉक्टर," मी म्हणालो, "मला एकदा रागवा."

दीड सेकंद.

त्यांचे ओठ हलले. त्याआधी, अगदी क्षणभर, चेहरा ताणल्यासारखा झाला असं मला वाटलं. पण माझ्या डोळ्यांवर मी किती भरवसा ठेवू?

"तुमच्या सहकार्याबद्दल मनापासून आभार, काका," त्या म्हणाल्या. पडदा पांढरा झाला.

"काय हे तुमचं?" शैलजा हसत होती. "रागवा म्हणे! लहान आहात का? चला."

रिक्षात बसल्यावर मी तिचा हात हातात घेतला. चाळीस वर्षांत मी रस्त्यात कधी तिचा हात धरला नव्हता. तिनं लाजून बाहेर पाहिलं, पण हात काढून घेतला नाही. मी अंगठा तिच्या मनगटावर टेकवला, थोडा सरकवला, पुन्हा टेकवला. मी नाडी शोधत होतो. ती कशी बघतात हे मला येत नाही.